सोबत आलेला माणूस

"आपलं नाव सांगा," मशीन म्हणालं, आणि धोंडीराम गांगुर्डे यांनी आपलं नाव सांगितलं.

पुढच्या सगळ्या गोंधळाला एवढंच कारण पुरलं. कारण पेशंट ते नव्हतेच. पेशंट त्यांच्या शेजारी उभा होता. किशोर पगारे, त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा, एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. रविवार म्हणून सकाळी गच्चीवरची टाकी धुवायला चढला आणि उतरताना शिडीऐवजी हवेत पाय ठेवला. उजवं मनगट सुजून दुधी भोपळ्यासारखं झालं होतं. बायको लहान मुलीला सोडून निघू शकत नव्हती, तेव्हा खालच्या मजल्यावरचे धोंडीरामकाका म्हणाले, "चल, मी येतो. मला कुठं काय काम आहे."

रविवारी बाकीचे विभाग बंद, त्यामुळे ट्रस्टच्या त्या मोठ्या रुग्णालयात सगळा लोंढा आपत्कालीन विभागाकडे लोटला होता. दाढदुखीवालेही तिथंच आणि अपघातवालेही तिथंच. ही गर्दी आवरायला रुग्णालयानं दीड महिन्यापूर्वी ते मशीन आणून ठेवलं होतं. उंचीला माणसाएवढं, समोर काच, बाजूला रक्तदाब मोजायचा पट्टा. ते मराठीत प्रश्न विचारायचं, उत्तरं ऐकायचं आणि स्वतःच्या बुद्धीनं ठरवून चिठ्ठी द्यायचं. लाल चिठ्ठीला लगेच आत, पिवळीला तासाभरात, हिरवीला बाकावर. आधी येईल त्याचा नंबर आधी, ही जुनी पद्धत बंद झाली होती.

मशीनपाशी लोकांना मदत करायला मीना नावाची मुलगी निळं जाकीट घालून उभी असायची. नेमकी त्याच वेळी दारात एक रिक्षा येऊन थांबली आणि आतल्या म्हाताऱ्याला उतरवायला ती धावली. जाताजाता म्हणाली, "काका, तुम्ही सुरू करा. ते विचारेल ते सगळं खरंखरं सांगा, काही लपवू नका. लोक लपवतात, मग त्याचा अंदाज चुकतो."

धोंडीरामांनी आयुष्यभर सूचना पाळल्या होत्या आणि दिल्याही होत्या. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं त्यांनी माईकवरून सांगितलं होतं, पेठची गाडी चार नंबरला लागली आहे, सटाण्याची गाडी पाऊण तास उशिरा येईल. एकतीस वर्षांत एकाही प्रवाशानं माईककडे बघून "बरं" म्हटलं नव्हतं. त्यामुळे कुठून तरी आवाज आला की आपण तरी उत्तर द्यावं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

"आपलं वय?"

"अडुसष्ट पूर्ण."

"कृपया आपला हात पट्ट्यात ठेवावा."

किशोरचा उजवा हात कामातून गेलेला आणि डाव्या हातात फोन. तो पाठ करून बायकोशी बोलत होता. "हे बघ किशोर, असा घालायचा," असं म्हणत धोंडीरामांनी दाखवण्यासाठी आपला हात आत सरकवला. पट्टा फुगला, आवळला आणि काही केल्या सोडेना. काचेवर आकडे आले. एकशे ऐंशी, खाली एकशे चार. त्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचंच नाव.

"आपल्याला काय त्रास होतो?"

खरं तर इथं त्यांनी सांगायला हवं होतं की बाई, मला नाही, ह्याला. ते शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेही होते. पण तो बाईचा आवाज शांत होता, घाईत नव्हता, आणि हा प्रश्न त्यांना कोणी विचारून फार दिवस झाले होते.

"त्रास तसा काही नाही," ते म्हणाले.

"सावकाश सांगा. मी ऐकते आहे."

मग त्यांनी सांगितलं. झोप लागते का? लागते, तीनला जाग येते. जेवण जातं का? एकाच माणसाचं करायचं म्हणजे कंटाळा येतो. रक्तदाबाची गोळी घेता का? घ्यायचो, ती आठवण करून द्यायची. छातीत दुखतं किंवा जड वाटतं का? जड वाटतं, दगड ठेवल्यासारखं. जिना चढताना नाही वाटत. कुलूप काढून घरात शिरलो की वाटतं.

"हा त्रास किती दिवसांपासून आहे?"

"दोन वर्षं चार महिने."

"त्रास सुरू झाला तेव्हा आपण कुठे होता?"

धोंडीरामांनी मान वळवली. भिंतीला लागून तो बाक अजून तिथंच होता. फक्त रंग नवा होता. "इथंच," ते म्हणाले. "त्या बाकावर."

त्या दिवशी दुपारी चारला ते पत्नीला, लताबाईंना घेऊन आले होते. तिला छातीत जळजळत होतं. ती म्हणत होती पित्त आहे. एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी मिळाली. मग एक बाई आली, तिच्या कडेवरचं लेकरू तापानं फणफणलेलं. लताबाईंनी आपली चिठ्ठी तिला दिली आणि तिची घेतली. थोड्या वेळानं एक माणूस आला, डोक्याला लागलेला, शर्ट रक्तानं भिजलेला. ती चिठ्ठीही त्यांनी देऊन टाकली.

"मी काही बोललो नाही," धोंडीराम मशीनला म्हणाले. "मला वाटलं, आपल्याला कुठं घाई आहे. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं डोळा लागला. तिची झोप मोडू नये म्हणून मी चाळीस मिनिटं हललो नाही."

मागे रांग दरवाजापर्यंत गेली होती. दाढेवर बर्फाची पिशवी धरलेला एकजण आधी "काका, आटपा की" असं दोनदा म्हणाला होता. आता तो पायाखालच्या फरशीकडे बघत उभा होता. पिशवीतलं पाणी त्याच्या कोपरावरून ठिबकत होतं.

"जवळच्या नातेवाईकाचा मोबाईल क्रमांक सांगा."

त्यांनी पुण्याला असलेल्या मुलाचा, प्रफुल्लचा नंबर सांगितला. पट्टा सुटला. मशीनमधून सर्रकन लाल चिठ्ठी बाहेर आली आणि छतातल्या स्पीकरवरून आवाज घुमला, "धोंडीराम गांगुर्डे, लाल विभाग."

मीना पळतच आली. मागून स्ट्रेचर घेऊन दोन माणसं आली.

"अहो, पेशंट मी नाही," धोंडीराम म्हणाले. "पेशंट हा किशोर. मी सोबत आलोय."

"लाल चिठ्ठीवाले सगळे असंच म्हणतात, काका," स्ट्रेचरवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही राग नव्हता. "काल तर एकजण बाहेर पळाला. झोपा बरं."

धोंडीरामांनी आजूबाजूला पाहिलं. रांगेत एक पोटुशी बाई भिंतीला टेकून उभी होती, ओठ आवळून. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "मग असं करा, आधी ह्या बाईंना घ्या. मी थांबतो."

"आता तसं होत नाही," मीना म्हणाली. "आपली चिठ्ठी दुसऱ्याला देता येत नाही. त्यांना त्यांची मिळेल. मशीन मान्यच करत नाही."

"देताच येत नाही?"

"नाही काका. कोणी कितीही म्हणालं तरी."

धोंडीरामांनी चपला काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या आणि स्ट्रेचरवर आडवे झाले.

किशोरनं फोनवरून मान वर केली तेव्हा काका चाकांवरून निघाले होते. "अगं, काकांना आत नेलं," तो घाईघाईनं बायकोला म्हणाला. "मला वेळ लागेल आता. तू अक्काबाईंना सांग." एवढं बोलतोय तोवर फोनची बॅटरी संपली. तिकडे त्याच्या बायकोला, तृप्तीला, छतातल्या स्पीकरच्या गोंगाटात ऐकू आलं ते असं: काका गेले, तू अक्काबाईंना सांग.

अक्काबाई कॉलनीतल्या सगळ्यात वयस्कर. कोणाच्या घरी काही झालं की पुढचं त्याच बघायच्या.

इकडे किशोरला एका टेबलापाशी बसवण्यात आलं. "गांगुर्डेंचे नातेवाईक तुम्हीच ना? इथं सही करा."

"माझा हात मोडलाय," किशोर म्हणाला.

"डाव्यानं करा."

त्यानं डाव्या हातानं सही केली. ती मांजर चालून गेल्यासारखी दिसली. टेबलामागच्या माणसानं ती उलटसुलट बघितली. "शिकलेले दिसत नाहीत. अंगठाच द्या मग." मग किशोरला फाइल दिली, फाइलवर चिठ्ठी दिली आणि औषधं आणायला पिटाळलं. औषधं आणली तर रक्ताची बाटली तिसऱ्या मजल्यावर देऊन यायला सांगितलं. मनगट छातीशी धरून आणि फाइल दातांत धरून तो दोन तास जिने चढत-उतरत राहिला. मधे दोनदा त्यानं कोणाला तरी सांगायचा प्रयत्न केला की मीच पेशंट आहे. एका नर्सनं त्याला पाणी दिलं आणि ती म्हणाली, "टेन्शन घेऊ नका, तुमच्या वडिलांना काही होणार नाही."

आत धोंडीरामांच्या छातीला वायरी लावल्या होत्या. डॉक्टर मनाली वयानं तिशीच्या आतबाहेर, केस मागे बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. तिनं ईसीजी पाहिला आणि कपाळाला आठी घातली. मग मशीननं पाठवलेला कागद वाचायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर ती स्टूल ओढून बसली.

मशीननं सगळं नीट लिहून काढलं होतं, सरकारी कागदासारखं. रुग्णास झोप कमी. रुग्णाची पत्नी याच विभागात प्रतीक्षेत असताना मृत. रुग्णाने दोन वेळा क्रमांक दुसऱ्यास देऊ दिला. पत्नी झोपली आहे असे समजून रुग्णाने चाळीस मिनिटे हालचाल केली नाही.

"तुमचं हृदय ठीक दिसतंय, काका," डॉक्टर म्हणाली. "प्रेशर वाढलंय, गोळ्या बंद केल्यात ना तुम्ही. रक्त तीन तासांनी पुन्हा तपासायचंय, तोवर झोपून राहा."

"मग मला उठू द्या. मी उगीच पलंग अडवलाय. बाहेर माणसं उभी आहेत."

"ती पोटुशी बाई आत आली. पलीकडच्या पडद्यामागे आहे. तुम्ही पडून राहा."

धोंडीराम म्हणाले, "डॉक्टर, हा कागद फाडता येईल का? माझ्या मुलाला मी वेगळं सांगितलंय. गेल्या गेल्या आईला आत घेतलं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, असं सांगितलंय. दुसरं काय सांगणार त्याला."

डॉक्टर मनालीनं कागदाच्या खालच्या ओळीकडे पाहिलं. "काका, ह्याची प्रत नातेवाईकाच्या फोनवर आपोआप जाते. साडेदहालाच गेलीय."

मीनाला किशोर सापडला तो दुपारी दोनच्या सुमाराला, जिन्याच्या पायरीवर बसलेला. "तुमच्या हाताला काय झालं?"

"काही नाही," किशोर म्हणाला. "मी पेशंट आहे."

ती त्याला मशीनपुढे घेऊन गेली. मशीननं त्याचं नाव ऐकलं, जरा वेळ घेतला आणि म्हणालं, "आपण धोंडीराम गांगुर्डे यांचे नातेवाईक म्हणून नोंदलेले आहात. कृपया प्रतीक्षा कक्षात बसावे." मीनानं पुन्हा प्रयत्न केला. मशीन पुन्हा तेच म्हणालं. शेवटी तिनं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं, किशोरचा चांगला हात धरला आणि त्याला थेट प्लास्टरच्या खोलीत नेऊन उभं केलं.

प्रफुल्ल तीनला पोचला. रुग्णालयाचा मेसेज आला तसा पुण्याहून साडेदहाला निघाला होता. वाटेत संगमनेरला चहासाठी थांबला, तिथं त्यानं तो कागद वाचला, आणि चहा न पिताच पुन्हा गाडीत बसला. वडिलांच्या पलंगापाशी येऊन तो नुसता उभा राहिला. दोन वर्षं दर रविवारी ते दोघं फोनवर चार मिनिटं बोलायचे. पाऊस आहे का, पाणी येतं का, ठेवू का.

"काही झालेलं नाही मला," धोंडीराम म्हणाले. "मशीनची चूक झाली. तू उगीच आलास एवढ्या लांब."

"वाचलं मी."

धोंडीरामांनी चादरीची कड ओढून घेतली. त्याच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. "मी बोलायला हवं होतं, प्रफुल्ल. तिच्या हातातून चिठ्ठी काढून घ्यायला हवी होती. मी बाजूलाच बसलो होतो."

"बाबा, तिनं मला फोन केला होता."

"कोणी?"

"आईनं. इथून. पाच वाजायला वीस मिनिटं होती. तुम्ही पाणी आणायला गेला होतात बहुतेक. म्हणाली, दवाखान्यात बसलोय, छातीत जळजळतंय, तुझे बाबाच जास्त घाबरलेत. मी म्हणालो, आई, मीटिंगमध्ये आहे, थंड दूध पी, सहाला करतो."

पलीकडच्या पडद्यामागे कोणीतरी हळू आवाजात कुणाला तरी धीर देत होतं.

"सहाला केला मी," प्रफुल्ल म्हणाला. "तुम्ही उचललात."

धोंडीरामांना तो फोन आठवत होता. तिचा फोन तिच्या पिशवीत वाजला होता आणि प्रफुल्लचा आवाज आला होता, हं आई, बोल आता. ते त्याला सांगू लागले होते आणि पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. त्यांना तेव्हा वाटलं होतं लाइन कट झाली. त्यांनी वायरी लावलेला हात जरा सरकवला आणि पलंगावर जागा केली. अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा तिथं बसला.

रक्ताचा दुसरा अहवाल चांगला आला. डॉक्टर मनालीनं गोळ्या लिहून दिल्या आणि कागदावर खाली आपल्या हातानं एक ओळ लिहिली. एकटे ठेवू नये. साडेचारला तिघं गाडीत बसले, पुढे प्रफुल्ल आणि धोंडीराम, मागे पांढऱ्या प्लास्टरसह किशोर.

आता कॉलनीत काय झालं होतं ते सांगायला हवं. तृप्तीनं रडत अक्काबाईंना सांगितलं, तेव्हा अक्काबाईंनी घाईनं विश्वास ठेवला नाही. त्यांनी दोघांना रुग्णालयात पाठवलं. तिथं पहारेकऱ्यानं यादी बघितली. "गांगुर्डे? लाल विभाग. आत कोणाला सोडत नाही. नातेवाईक आहे एकजण, फार धावपळ करतोय बिचारा." दोघं मान खाली घालून परत आले. प्रफुल्लला कळवायचं तर त्याचा नंबर कॉलनीत एकाच माणसाकडे होता, धोंडीरामांकडे. मग अक्काबाईंनी मंडपवाल्याला सांगून खुर्च्या मागवल्या.

गाडी गल्लीत वळली तेव्हा घरासमोर वीस-पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या अर्धगोल मांडलेल्या होत्या आणि सगळ्या भरलेल्या होत्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. प्रफुल्लला बघून सगळे उठले. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि धोंडीराम उतरले.

पुढच्या रांगेतल्या एकानं सवयीनं हात जोडले. "जय भीम, काका."

"जय भीम," धोंडीराम म्हणाले. त्यांनी खुर्च्या बघितल्या, बायकांचे सुजलेले डोळे बघितले, आणि त्यांना सगळं समजलं. तृप्ती तोंडाला पदर लावून किशोरकडे बघत होती आणि किशोर तिला डाव्या हातानं नंतर, नंतर अशी खूण करत होता.

"बसा की," अक्काबाई म्हणाल्या. "आता आलेच आहेत सगळे, तर बसा."

लताबाई गेल्या तेव्हाही अशाच खुर्च्या मांडल्या होत्या. त्या वेळी धोंडीराम तीन दिवस मधल्या खुर्चीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत राहिले, की गेल्या गेल्या आत घेतलं. आजही त्यांना मधलीच खुर्ची मोकळी करून मिळाली. ते बसले. शेजारी प्रफुल्ल बसला. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला.

"लताचं मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं," धोंडीराम म्हणाले, आणि मग चार वाजल्यापासून सुरुवात केली. एक्केचाळीस नंबर, कडेवरचं लेकरू, रक्तानं भिजलेला शर्ट. मधे ते अडले की प्रफुल्ल त्याच्याकडचं थोडं सांगायचा. मग पुन्हा ते बोलायचे. चाळीस मिनिटांपाशी आले तेव्हा बायकांच्या बाजूला कोणी हललं नाही, लहान पोरंसुद्धा. मग एक म्हातारी म्हणाली, "अशीच होती ती. माझ्या सुनेच्या बाळंतपणालाही स्वतःचं जेवण टाकून आली होती." मग दुसरी बोलली. मग तिसरी.

साडेसहाला मंडपवाल्याचा टेम्पो गल्लीत येऊन उभा राहिला. माणूस काही गेलेलं नाही असं त्याला कोणीतरी फोन करून कळवलं होतं. तो उतरला आणि कडेची एक रिकामी खुर्ची उचलायला वाकला.

अक्काबाईंनी त्याच्या मनगटाला धरलं आणि त्याला त्याच खुर्चीवर बसवलं.

"थांब जरा," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचं अजून सांगून व्हायचंय."